नाकावर पाडून बघितलेला रीडर

अ‍ॅरिझोनातल्या चँडलर गावी कंपनीत रुजू झाले त्या पहिल्याच आठवड्यात मला ब्रेकरूमच्या फरशीवर एक गृहस्थ उताणे पडलेले दिसले. पन्नाशीचे, टक्कल चकचकीत, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, गळ्यातलं ओळखपत्र घरंगळून कानाशी आलेलं. दोन्ही हातांनी त्यांनी चेहऱ्यासमोर एक ई-बुक रीडर धरला होता. माणसाला चक्कर आली असेल, कुणाला तरी हाक मारावी, असं मनात येतंय तोवर त्यांनी दोन्ही हात सोडून दिले. रीडर दाणकन नाकावर आदळला.

"अगं बाई!" माझ्या तोंडून निघालं.

"मराठी का?" ते पडल्या पडल्याच म्हणाले. "छान झालं. इकडे ये. हा सहन होतो. मघाचा जड होता, डोळ्यांतून पाणी आलं. पण आता माझं नाक सरावलंय गं, त्याचं मत धरता येत नाही. फ्रेश नाक पाहिजे. पाच मिनिटं आहेत का तुला?"

मी नागपूरची. अनोळखी माणसानं पत्ता विचारला तर त्याला घरापर्यंत सोडून येणाऱ्यांच्या गावची. तरी नाक आजवर कुणी मागितलं नव्हतं.

"काका, हे काय करून राहिले तुम्ही?"

"सोपं आहे. माणूस अंथरुणात उताणा पडून वाचतो. डुलकी लागते. हात सुटतात. रीडर पडतो कुठे? नाकावर. आता कुठलीही जाहिरात काढून बघ. स्क्रीन किती इंच, मेमरी किती, सगळं सांगतील. नाकाबद्दल चकार शब्द नाही."

मी कॉफीचा कप बाजूला ठेवला, फरशीवर आडवी झाले आणि नाक दिलं. का दिलं ते आजही सांगता यायचं नाही. पुढं जितकी वर्षं चँडलरमध्ये होते तितकी वर्षं त्या माणसाला नाही म्हणणं मला जमलं नाही, त्याची सुरुवात ही अशी झाली.

काकांचं कंपनीतलं काम वस्तू मारण्याचं होतं. आमची कंपनी चिप्स बनवायची, आणि बनलेली चिप गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी तिचे जेवढे हाल करता येतील तेवढे करायचे, हा त्यांच्या रिलायबिलिटी विभागाचा धंदा. भट्टीत भाजायची, तिथून काढून थेट गोठवायची, वाफेत कोंडायची, गदागदा हलवायची, आणि मेलीच तर का मेली याचा पंचनामा करायचा. इतकी वर्षं हेच केल्यामुळे ते त्यांच्या अंगात भिनलं होतं. "वस्तू कशी चालते ते दुकानदाराला विचारा," ते म्हणायचे. "कशी मरते ते मला विचारा."

घरीही तेच. नवा कुकर आला की पहिल्या रविवारी त्यात नुसतं पाणी शिजायचं आणि काका हातात घड्याळ घेऊन समोर खुर्ची टाकून बसायचे. नव्या चपला आधी मागच्या अंगणातल्या स्विमिंग पूलमध्ये पोहून यायच्या. छत्री घेतली, तर अ‍ॅरिझोनात पाऊस कुठून आणायचा, म्हणून काकूंच्या हातात बागेचा पाइप देऊन हे स्वतः छत्री उघडून लिंबाच्या झाडाखाली उभे. काकूंनी निशाणा मुद्दाम चुकवला असं त्यांचं म्हणणं. चुकवला नव्हता, नेम धरूनच मारला होता, असं काकूंचं म्हणणं.

काकू हसऱ्या आणि तिखट. एकदा पुऱ्या तळताना त्या मला म्हणाल्या, "लग्नाआधी माझं काय टेस्टिंग केलं होतं ते विचार की यांना."

"तुझ्या आईला बघितलं होतं," काका पेपरातून डोकं न काढता म्हणाले. "आमच्यात त्याला अ‍ॅक्सिलरेटेड एजिंग म्हणतात. तीस वर्षांनी वस्तूचं काय होईल ते आजच कळतं."

काकूंनी झारा उगारला. "आणि? काय कळलं?"

"पास," काका म्हणाले, आणि घाईघाईनं पुरी तोंडात घातली.

ऑफिसला आम्ही तिघं एकत्र जायचो. काका, मी आणि अंधेरीहून आलेला एक इंजिनियर, ज्याचं प्रत्येक वाक्य 'यार'नं सुरू व्हायचं किंवा 'यार'नं संपायचं. त्याला आम्ही अंधेरीच म्हणायचो. गाडी मी चालवायची. काकांना कुणी चालवू द्यायचं नाही, कारण ते मोकळा रस्ता दिसला की ब्रेक दाबून बघायचे. जूनमध्ये स्टिअरिंग इतकं तापायचं की काकूंनी मला ओव्हनचे हातमोजे दिले होते. त्या महिन्यात काका आपले सगळे रीडर माझ्या डॅशबोर्डवर ओळीनं मांडून ठेवत. आपल्या गाडीत त्यांना पुरेसं ऊन मिळत नाही, अशी त्यांची तक्रार होती.

रीडर घ्यायचा तर काकांना विचारायचं, हे आमच्या मराठी मंडळींत ठरूनच गेलं होतं. गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाची वाटी हातात घेऊन एक जण त्यांच्याकडे आला. बायकोच्या वाढदिवसाला रीडर द्यायचाय, कोणता घेऊ, एवढंच त्याचं म्हणणं.

"वहिनी वाचतात कशा?" काकांनी विचारलं. "उताण्या की कुशीवर?"

तो बिचारा गोरामोरा झाला. "कुशीवर असेल."

"असेल? लग्न कधी झालं तुमचं? बरं, डाव्या कुशीवर की उजव्या?"

"काका, ते मी बघून सांगतो."

"जेवताना वाचतात का?"

"हो. मी जेवताना कॉलवर असतो ना, मग ती वाचते."

"म्हणजे उजवा हात आमटीत. मग पान डाव्या हातानं उलटता आलं पाहिजे. नुसत्या टचवाला घेऊ नका. आमटीचा थेंब पडला की तो पण टचच समजतो, दहा पानं आपोआप उलटतात. बटण पाहिजे. आणि मुलं पोहायला जातात तेव्हा त्या काठावर बसून वाचतात की सावलीत?"

चौकशी महिनाभर चालली. तेवढ्यात वाढदिवस होऊन गेला आणि बाईंना कानातले मिळाले. काकांना त्याचं काही वाटलं नाही. "बघ," ते मला म्हणाले, "माणसं बायकोची कूस माहीत नसताना रीडर घ्यायला निघतात."

त्यांचा क्रम ठरलेला होता. सगळ्यात आधी नाक, म्हणजे वजन. मग डाव्या हाताचं बटण. मग ऊन. अ‍ॅरिझोनाच्या दुपारी ज्याच्यावरचं अक्षर दिसतं तो खरा, बाकीचे आरसे. मग अक्षर किती मोठं होतं आणि मोठं झाल्यावर ओळी कशा तुटतात. मग दिवा, पिवळसर असलेला बरा. पाण्यात पडला तर जगतो का, हे त्याच्याही खाली, कारण "पाण्यात पडणारी माणसं मुळात वाचत नाहीत." मेमरी अगदी शेवटी. "बत्तीस जीबी? पुस्तकं किती वाचणार आहात? जन्म किती घेणार आहात?"

आणि एक गोष्ट त्यांच्या डोक्यात जायची. एकाच अकाउंटवर दोन रीडर असले, तर एकावर आपण ज्या पानावर थांबलो ते दुसऱ्याला कळतं. तो उघडला की लगेच विचारतो, तुम्ही तिकडे अमुक पानावर होता, तिथे जायचं का? लोकांना याचं कौतुक. काकांना संताप. "चोंबडेपणा आहे हा! मी कुठे होतो ते मला माहीत आहे. कुंपणावरून डोकावून 'काय केलंत आज जेवायला' विचारणारी शेजारीण आहे ही. घेतल्याबरोबर पहिलं बंद करायचं."

हे सगळं नुसतं खूळ नव्हतं हे मला त्या हिवाळ्यात कळलं, त्यांची आई आली तेव्हा.

आजी मिरजेला एकट्या राहायच्या. टपाल कचेरीत नोकरी करून निवृत्त झालेल्या, शिडशिडीत, आवाज खणखणीत. अमेरिकेत कायमचं यायचं नाव काढलं की म्हणायच्या, "तुमच्याकडे रस्त्यावर माणूस दिसत नाही, भांडायचं कुणाशी?" पण हिवाळ्याचे चार महिने मात्र येत, आणि दर वेळी अर्धी बॅग पुस्तकांची असे. त्या वर्षी बॅग उघडली तर नुसत्या लोणच्याच्या बरण्या.

"पुस्तकं?" काकांनी विचारलं.

"पुरे झालं आता वाचन," आजी म्हणाल्या. "ऑपरेशन झालं तरी बारीक अक्षर दिसत नाही. भिंग धरून हात दुखतो. आयुष्यभर वाचलं की, आता काय राहिलंय."

दुसऱ्या दिवशी गाडीत काका गप्प होते. त्यांना गप्प बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होते, त्यामुळे चुकून दोनदा रेडिओ तपासला. मग तेच म्हणाले, "फोनवर आम्ही दुसरं काही बोलतच नाही गं. मी विचारतो, जेवलीस का? जेवले. गोळ्या? घेतल्या. तब्येत? बरी आहे. हे कायमचं. मग ती सांगायला लागते काय वाचतेय, कोण कुणाला काय म्हणालं, कोणाचं चुकलं. अर्धा अर्धा तास. तेवढाच आमचा फोन. ते गेलं तर उरल्या गोळ्या."

म्हणजे हे इतक्या दिवसांचं पाडणं, भाजणं, नाक फोडून घेणं त्यासाठी होतं तर. आईला बारीक अक्षर दिसेनासं होत चाललंय हे त्यांना आधीच कळलं होतं. फक्त तिच्या हातात कुठला रीडर द्यायचा हे ठरत नव्हतं, कारण चुकीचा दिला आणि तिला तो आवडला नाही तर ती दुसऱ्यांदा हात लावायची नाही. "आईची एकच टेस्ट मिळते," ते म्हणाले.

त्या शनिवारी मला आणि अंधेरीला साक्षीदार म्हणून बोलावणं आलं. मागच्या अंगणात आजी पापड वाळत घालत होत्या. चँडलरचं ऊन त्यांना अमेरिकेतली एकमेव कामाची वस्तू वाटायची. काकांनी टेबलावर पाच रीडर मांडले, प्रत्येकावर एकच पुस्तक, एकच पान, अक्षर टपोरं. आजींनी पदराला हात पुसले, पहिला रीडर उचलला, बोटाला जीभ लावली आणि ते बोट स्क्रीनवर फिरवलं.

पुस्तक एकदम सत्तर पानं पुढे गेलं. मग अक्षर बारीक झालं, मग शब्दकोश उघडला, मग रीडरनं आपोआप झोपायचं ठरवलं.

"हे वेडं आहे," आजी म्हणाल्या आणि तो उलटा करून पापडांच्या फडक्यावर वजन म्हणून ठेवला.

काका कपाळाला हात लावून बसले. उन्हात, पाण्यात, आमटीत, सगळ्यात बघितलं होतं. बोटाला थुंकी लावून पान उलटणारी आई मात्र त्यांच्या एकाही चाचणीत नव्हती. नुसत्या टचवाले तिथल्या तिथे बाद झाले आणि एकेक करून फडक्याच्या कोपऱ्यांवर गेले. बटणवाले दोन उरले.

"बरं, ह्यात शेवटचं पान कुठे असतं?" आजींनी विचारलं.

"आई, अजून पहिलं तरी वाच."

"मी शेवटचं आधी वाचते. कायम. शेवटी माणसं सुखरूप आहेत ना, एवढं बघून घेते. मग मधे काहीही होऊ दे, जीवाला घोर नाही."

"यार, आजी, मग सस्पेन्स?" अंधेरीनं विचारलं.

"सस्पेन्स हवा असेल तर ह्याच्याशी लग्न केलेल्या सूनबाईला विचार," आजी म्हणाल्या, आणि स्वयंपाकघरातून काकूंचं हसणं ऐकू आलं.

उरलेल्या दोघांतला एक कोरा करकरीत होता, दुसऱ्याच्या कोपऱ्याला पोचा पडलेला, पाठीवर ओरखडे. ब्रेकरूममध्ये माझ्या नाकावरून घसरून फरशीवर गेलेला तो हाच. काकांनी नवा पुढे केला. आजींनी पोचा पडलेला उचलला.

"अगं, तो टेस्टिंगचा आहे. मी पाडलाय तो."

"म्हणूनच. नवा दिलास तर मी तो प्लास्टिकमध्ये गुंडाळून कपाटात ठेवीन, पाहुणे आले की दाखवायला. हा पडून झालाय. आता ह्याची काळजी नाही." असं म्हणून त्या पापडांशेजारी चटईवर बसल्या, टपोऱ्या अक्षरांवरून नजर फिरवली, टक् करून बटण दाबलं, आणि पुन्हा दाबलं. बोटाला जीभ लावूनच दाबत होत्या, पण बटणाला त्याचं काही नव्हतं. काका आमच्याकडे वळले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. ऊन फार आहे, असं ते म्हणाले.

यानंतर जे झालं ते आपल्या लोकांच्या हातूनच होऊ शकतं. एक अकाउंट एकाच माणसानं वापरायचं असतं हे आपल्याला मुळात पटत नाही. काकांनी जाहीर केलं, पुस्तक एकदा घ्यायचं, सगळ्यांनी वाचायचं. आजींचा, काकूंचा, माझा, अंधेरीचा, सगळ्यांचे रीडर काकांच्या एका अकाउंटवर जोडले गेले. आणि घरोघरी एकच खुनाची कादंबरी सुरू झाली.

दोनच दिवसांत गाडीत गोंधळ. अंधेरी म्हणे, "यार, मी चाळीसाव्या पानावर होतो, हा मला विचारतो, तीनशे बाराव्या पानावर जायचं का? मी झोपेत हो म्हटलं. आणि समोर काय? माळ्यानं खून केला! माळी अजून गोष्टीत आला पण नव्हता, यार!" मलाही तेच झालं होतं. काकूंनाही. आजींनी चटईवर बसून शांतपणे शेवटचं पान बघून घेतलं होतं, आणि त्यांच्यामागे सगळे रीडर निष्ठेनं शेवटच्या पानावर जायला निघाले होते.

काकांचा एकट्याचा रीडर वाचला, कारण त्यांनी ते फीचर पहिल्याच दिवशी बंद केलेलं. ते आम्हाला इतके हसले की ऑफिसच्या गेटवर ओळखपत्र दाखवताना त्यांना बोलता येईना. मग त्यांनी आम्हाला रीतसर अकाउंटवरून काढलं. त्यावर राहिले दोघंच, आई आणि ते.

उन्हाळा सुरू व्हायच्या आत आजी मिरजेला परतल्या. रीडर हातातल्या पिशवीत, पोळ्यांच्या डब्याशेजारी. विमानतळावर काकांनी त्यांना चार्जिंग कसं करायचं ते इतक्या वेळा समजावलं, की शेवटी आजी म्हणाल्या, "अरे, मी तुला चालायला शिकवलं तेव्हा एवढं बोलले नव्हते."

त्यानंतर एका सकाळी सिग्नलला थांबले असताना मी सहज बाजूला पाहिलं. काकांनी आपला रीडर उघडला होता आणि स्क्रीनवर ती चोंबडी चौकट होती. तुम्ही दुसरीकडे अठ्ठेचाळिसाव्या पानावर होता, तिथे जायचं का?

"काका! तुम्ही ते सुरू केलं?"

"सिग्नल सुटलाय, पुढे बघ," ते म्हणाले. थोड्या वेळानं स्वतःच म्हणाले, "काल चौतिसावर होती. चौदा पानं झाली. म्हणजे डोळे बरे आहेत. जेवून दुपारी पडली असणार, त्याशिवाय चौदा होत नाहीत."

मग तो रोजचाच कार्यक्रम झाला. ते पुस्तक संपल्यावर काकांनी दोघांसाठी जहाजावर गेलेल्या खलाशांची एक जाडजूड कादंबरी घेतली. पहिल्याच दिवशी बातमी आली, "आई शेवटच्या पानावर!" दुसऱ्या दिवशी, "बघून आली, आता पहिल्यापासून." मग रोज सकाळी आम्हाला हवामानासारखं आजींचं पान कळायचं. "आज दोनच पानं. पाहुणे आले असतील." "आज पंधरा! लाइट गेली नाही वाटतं." फोनवर आजी अजूनही 'बरी आहे' एवढंच म्हणायच्या, पण काकांना आता त्याच्या पलीकडचं कळत होतं. ते इतके खूश असायचे की महिनाभर त्यांनी काहीच पाडलं नाही.

अंधेरीनं एकदा विचारलं, "पण काका, तुम्ही वाचताय ना यार? कशी आहे?"

"वाचतोय, वाचतोय. मस्त रंगलीय," काका म्हणाले. तेव्हा ऑफिसात त्यांची एक नवी चिप रोज भट्टीत मरत होती, आणि पंचनाम्यातून त्यांना डोकं वर काढायला फुरसत नव्हती.

आणि एके दिवशी पान थांबलं. शहाण्णव. दुसऱ्या दिवशी शहाण्णव. तिसऱ्या दिवशी काका गाडीत बसले ते सीटबेल्ट लावायचाच विसरले, गाडी कुईकुई ओरडायला लागली तरी त्यांना ऐकू येईना. आठवडा व्हायला आला, शहाण्णव.

"वायफाय गेलं असेल, यार."

"शेजाऱ्यांचं आहे. त्यांना फोन केला, चालू आहे."

"बॅटरी?" मी म्हटलं.

"चार्जिंगला लावते. काल विचारलं मी."

"रीडरच बंद पडला असेल."

"तो रीडर मी भाजलाय, पाण्यात बुडवलाय, तुझ्या नाकावरून पाडलाय. तो मरणार नाही."

काका एकेक कारण खोडत गेले. ते त्यांचं कामच होतं. शेवटी जे एक उरलं ते आमच्यापैकी कुणी बोललं नाही. फोनवर आजी रोज 'बरी आहे' म्हणत होत्या, आणि त्या 'बरी आहे'ला किती किंमत द्यायची ते काकांना पक्कं ठाऊक होतं. डोळे गेले असतील तरी ती बरीच आहे, पडून असेल तरी बरीच आहे.

"मला भीती वाटतेय गं," ते म्हणाले.

"मग विचारा ना सरळ. आत्ता. तिकडे संध्याकाळ आहे."

त्यांनी फोन लावला. घाईत भलतंच बटण दाबलं गेलं म्हणून तो गाडीच्या स्पीकरवर गेला आणि आम्हाला सगळं ऐकू यायला लागलं.

"आई, जेवलीस का?"

"अरे, संध्याकाळ आहे. अजून वेळ आहे जेवायला."

"गोळ्या?"

"घेतल्या."

काकांनी डोळे मिटले. "आई, तू वाचत का नाहीस?"

पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला. मग, "तुला रे कसं कळलं?"

"पान हलत नाही. शहाण्णवावर आहेस. रोज बघतोय मी. मला रीडर सांगतो."

"अस्सं," आजी म्हणाल्या. "तुला सांगतो, तसा मला सांगत नाही का? मी रोज उघडते, रोज मला विचारतो, बाराव्या पानावर जायचं का? रोज बारावं पान! आधी वाटलं बिघडला. मग लक्षात आलं, हा तर तू आहेस. महिना झाला, पोरगा बाराव्या पानावर!"

मागच्या सीटवर अंधेरीनं तोंडात रुमाल कोंबला.

"आई, मी म्हणजे, मधे जरा..."

"परवा फोनवर काय म्हणालास? मस्त रंगलीय. बाराव्या पानावर काय रंगतंय रे? बाराव्या पानावर तो कप्तान अजून दाढी करतोय!"

काकांच्या टकलापर्यंत लाली चढली. मी रस्त्याकडे बघून गाडी चालवत होते, म्हणजे निदान प्रयत्न करत होते.

"पण तू का थांबलीस?"

"मग काय करू? मला घोर लागला. पोरगा वाचत नाही म्हणजे आजारी असेल, नाहीतर नोकरी गेली असेल, नाहीतर सूनबाईशी भांडला असेल. विचारलं तर म्हणणार, ठीक आहे."

"ते तूही म्हणतेस."

"मग! माझाच ना तू." आजींचा आवाज जरा खाली आला. "आणि एकटीनं पुढे जाऊन करू काय? पुढे काय झालं ते बोलायचं कुणाशी? तू त्या बाराव्या पानावर, मी शहाण्णवावर. म्हटलं थांबावं. येईल मागून."

काकांचा नाक ओढल्याचा आवाज तेवढा आला. ज्या नाकानं इतके रीडर सोसले होते ते लालभडक झालं होतं.

"आज वाचतो आई. नक्की."

"आज नाही, आत्ता. गाडी तू चालवतोयस?"

"नाही, ही चालवतेय."

"मग काढ की."

काकांनी बॅगेतून रीडर काढला. बारावं पान उघडलं. कप्तान आरशासमोर दाढी करत होता. त्यांनी ते पान वाचलं, सबंध, ओठ हलवत, आणि मग बोटाला जीभ लावून टक् करून बटण दाबलं.

"दाबलंस?" मिरजेहून आवाज आला.

"दाबलं."

"हं. आणि हे बघ, मधे फार मोठं वादळ आहे, घाबरू नकोस. शेवटी सगळे घरी येतात. मी बघितलंय. तू निवांत वाच."

फोन कुणीच ठेवला नाही. काका वाचत राहिले, आणि बऱ्याच वेळानं एकदा मिरजेहूनही बारीकसा टक् असा आवाज आला. पुढे ऑफिसचा एक्झिट दिसायला लागला. मी तो सोडून गाडी सरळ पुढे नेली. अंधेरीनं पाहिलं, पण एकदासुद्धा 'यार' म्हणाला नाही.